सावन बदी पंचमी

उमाकांतरावांना एखादी गोष्ट कधी घडली असं विचारलं, की ते तारीख सांगत नसत, तिथी सांगत. मुलाचा, यतीनचा जन्म फाल्गुन शुद्ध सप्तमीचा. वाईच्या शाळेतून निवृत्त झाले ती वैशाख वद्य दशमी. पत्नी गेल्यानंतर मुलाकडे जयपूरला राहायला निघाले, ती तर मार्गशीर्षातली अमावास्या होती, आणि तेवढ्यावरून भावकीत बरीच कुरकूर झाली होती. तारीख बघायला कॅलेंडर लागतं, तिथी बघायला नुसती मान वर करावी लागते, असं ते मुलांना सांगत.

मुलं म्हणजे शास्त्री नगरातल्या त्यांच्या गल्लीतली. शाळा सुटली, दूध पिऊन झालं, की ती व्हरांड्यात सतरंजीवर जमत, आणि मास्टरजी त्यांना अपूर्णांक, भागाकार, नकाशातल्या नद्या, असं जे अडेल ते शिकवत. फी नाही, छडी नाही, आवाज चढवणं तर नाहीच. एखाद्याचं उत्तर चुकलं तरी ते 'चूक' असं म्हणत नसत. "हे कसं आलं, सांग बरं," एवढंच म्हणायचे आणि हाताची घडी घालून वाट बघायचे. वाट बघण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. त्यांची नऊ वर्षांची नात वल्लरी त्याच घोळक्यात बसायची. तिचं मराठी निम्मं हिंदीत बुडालेलं होतं. पण आजोबा काय शिकवतात यापेक्षा ते कशाने खूश होतात हे तिला आधी कळायचं.

त्या वर्षी पत्नीच्या, तारामतीबाईंच्या श्राद्धाला, म्हणजे श्रावण वद्य पंचमीला, वल्लरीने जेवताना खिरीला हात लावला नाही. पाणी मात्र ती पीतच राहिली. पेला संपला, मग तांब्या संपला, मग ती स्वतःच उठून माठाकडे गेली. माधवी, उमाकांतरावांची सून, म्हणाली की ऑगस्टचा उकाडा आहे, तहान लागणारच. उमाकांतरावांच्या मात्र ते डोळ्यांत राहिलं. मग गणपती आले, गौरी आल्या, वल्लरीचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला, आणि विसर्जन झाल्यावर एक दिवस ती इतकी मलूल झाली की यतीनने तिला उचलून तडक हॉस्पिटल गाठलं. रक्तातली साखर भलतीच वाढली होती. एवढ्या लहान पोरांना डायबेटिस होतो हे त्या घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

यतीन आणि माधवी आत तिच्यापाशी होते. बाहेर बाकावर उमाकांतराव. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला आणि त्याने विचारलं, बच्चीला ही जास्तीची तहान कधीपासून आहे? उमाकांतरावांनी सहा वर्षांत आपलं हिंदी मेहनतीने घासूनपुसून घेतलं होतं. ते म्हणाले, "सावन बदी पंचमी से. उस दिन मेरी पत्नी का श्राद्ध था।"

डॉक्टरने मान वर केली. तो शेखावाटीतल्या कुठल्याशा गावचा होता. माझी दादीही अशीच तिथीने सांगते, म्हणाला, आणि हसला. नर्सच्या टेबलामागे कॅलेंडर टांगलेलं होतं. त्यावर बोट फिरवत त्याने ती तिथी शोधली, तिची इंग्रजी तारीख कागदावर लिहिली आणि नमस्कार करून आत गेला. एवढ्या काळजीतही, तिथी समजणारा माणूस भेटला, याचं उमाकांतरावांना बरं वाटलं.

वल्लरी घरी आली ती इन्शुलिनची इंजेक्शनं आणि साखर मोजायचं छोटं मशीन घेऊन. बोटाला टोचायचं, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, पट्टी मशीनमध्ये. आकडा आला की ती पट्टी फेकून द्यायची. मशीन एकदाच घ्यावं लागतं, पट्ट्या मात्र रोज संपतात. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं: प्रत्येक जेवणाआधी मोजा, झोपताना मोजा, आणि तिला जरा जरी वेगळं वाटलं तरी मोजा. साखर वाढते ती हळूहळू, पण इन्शुलिन घेणाऱ्या मुलांची ती हां हां म्हणता खाली येते, आणि खाली गेलेली जास्त वाईट.

यतीन जुलैअखेर बँक सोडून सांगानेरच्या एका हातकागदाच्या कंपनीत लागला होता. पगार जवळपास तेवढाच, पण कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांचा आरोग्यविमा उतरवला होता. यतीनचा विमा एक ऑगस्टपासून सुरू झाला. त्यात नव्याने झालेल्या आजाराचा हॉस्पिटलचा खर्च तर होताच, शिवाय डॉक्टरांनी लिहून दिलेलं तपासणीचं मशीन आणि त्याच्या पट्ट्याही दोन वर्षं मिळणार होत्या. यतीनने कागद भरून पाठवले आणि घर जरा निर्धास्त झालं.

दसऱ्याच्या सुमारास उत्तर आलं. दावा नामंजूर. हॉस्पिटलच्या नोंदीनुसार आजाराची लक्षणं विमा सुरू होण्याच्या आधीपासून होती, सबब खर्चही नाही, मशीन नाही, पट्ट्याही नाहीत. मान्य नसेल तर अपील करता येईल.

यतीन संतापला. हे लोक काहीतरी खुसपट काढतातच, म्हणाला. माधवीचं म्हणणं होतं की आधी हॉस्पिटलात जाऊन ती नोंद काय आहे ते बघावं. पण यतीनला नव्या नोकरीत रजा मागायची चोरी, आणि उमाकांतरावांनी तर विषयच मिटवला. ते म्हणाले, अपील मी लिहितो. नोंदीत काय घोळ घातलाय ते कशाला बघत बसायचं? मुलीला पहिल्यांदा तहान लागलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मी दिवसासकट सांगतो, मग कोण नाही म्हणेल?

दोन दिवस खपून त्यांनी हिंदीत पत्र लिहिलं. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. त्यात ठासून लिहिलं की सावन बदी पंचमीच्या आधी मुलगी ठणठणीत होती. ही तिथी आपल्या दिवंगत पत्नीची आहे, त्यामुळे ती विसरणं शक्य नाही. यतीनला तिथीतलं ओ की ठो कळत नसे. त्याने सही केली. पत्र गेलं.

उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि तोवर पट्ट्या स्वतःच आणायच्या होत्या. इन्शुलिन तर थांबवता येत नव्हतंच. तेव्हा असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही, होत गेलं, की सकाळी आणि झोपताना मशीनवर मोजायचं, मधलं जमेल तसं. डॉक्टरांना हे कुणी सांगितलं नाही. माधवी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, ती दुपारी उशिरा यायची. जेवणाच्या वेळी घरात आजोबा आणि नात दोघंच.

उमाकांतरावांनी त्यातूनही एक खेळ काढला. सकाळी टोचण्याआधी ते विचारायचे, "किती असेल? अंदाज सांग." वल्लरी डोळे मिटायची, जरा वेळाने एक आकडा सांगायची, मग मशीन. पहिले काही दिवस अंदाज कुठच्या कुठे जायचा. मग जवळ यायला लागला. कधी पाच-दहाचाच फरक. उमाकांतराव हरखून गेले. पोर आपल्या शरीराचं ऐकायला शिकली, असं त्यांना वाटलं. उद्या मशीन नसलं तरी तिचं अडणार नाही. मग दुपारी नुसताच अंदाज, पट्टी नाही. वल्लरी म्हणायची, "एकशे चाळीस, आजोबा." ते म्हणायचे, "शाब्बास, जेव."

माधवीला त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडायची थांबली.

"बाबा, नक्की कळतं ना तिला?"

"अगं, इतकी वर्षं पोरांना शिकवलंय मी. पाठ केलेलं कोणतं आणि उमजलेलं कोणतं, एवढं मला कळतं."

माधवीने पुन्हा भाजी निवडायला घेतली. सासऱ्यांचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता, आणि उरलेल्या पट्ट्या किती आहेत हेही तिला दिसत होतं.

डिसेंबरात अपिलाचं उत्तर आलं. आपल्याच पत्रात दिलेल्या तिथीवरून आजार विमा सुरू होण्याआधीचा असल्याचं सिद्ध होतं, सबब निर्णय कायम. अजून एकदा, वरच्या अधिकाऱ्यांसमोर प्रत्यक्ष बाजू मांडता येईल; त्यानंतर नाही.

"यांना साधं पंचांग बघता येत नाही," उमाकांतराव म्हणाले. दोन दिवस ते हेच म्हणत होते.

त्याच आठवड्यातला गुरुवार. माधवीने रजा काढून मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा मांडली होती. चौरंगावर कलश, त्याला हळदीकुंकवाची बोटं, समोर पाच फळं. संध्याकाळी दिवा लावायच्या सुमाराला शेजारची सलोनी झाकलेलं ताट घेऊन दारात आली. गल्लीच्या टोकाच्या देवळात त्या दिवशी प्रसाद होता. डाळीचे गरम बडे, म्हणजे वडे, आणि हलवा.

"पौषबड़े हैं, अंकलजी. भाभी का व्रत खुल जाए तो खिला देना।"

उमाकांतराव हसले. म्हणाले, पौष कुठला, अजून मार्गशीर्ष आहे, ही बघ आमच्या घरात मार्गशीर्षातली पूजा चालली आहे.

"लो," सलोनी म्हणाली, "पौष तो पूनम से ही लग गया। आप लोगों का महीना हमेशा लेट चलता है क्या?"

माधवी हसली. वल्लरीही हसली. उमाकांतरावांनी ताट हातात घेतलं आणि ते तसेच दारात उभे राहिले. सलोनी गेली, तिच्या दाराची कडी वाजली, तरी ते उभेच होते.

महिना आमचा अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच. वद्य पक्ष आला की त्याच चंद्राला, त्याच दिवसाला, यांच्याकडे पुढच्या महिन्याचं नाव. आमचा श्रावण वद्य म्हणजे यांचा भादवा बदी. मग यांची सावन बदी पंचमी? ती महिनाभर आधीची, आमच्या आषाढातली. जुलैमधली. विमा सुरू होण्याच्या आधीची.

वाईच्या शाळेत दर वर्षी ते हे मुलांना समजावून द्यायचे. एक मुलगा पृथ्वी, एक चंद्र, एक सूर्य, असे मैदानात उभे करून. इथे व्हरांड्यातही त्यांनी ते शिकवलं होतं, आणि सलोनीच्या पोराला ते बरोबर समजलं होतं. आणि हॉस्पिटलच्या बाकावर त्यांनीच 'श्रावण'चं 'सावन' केलं होतं आणि 'वद्य'चं 'बदी'. शब्द अगदी बरोबर बदलले होते. दिवस बदलायचा राहिला होता.

यतीन घरी आल्यावर त्यांनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. यतीनने बूटही काढले नव्हते.

"म्हणजे हॉस्पिटलवाल्यांनी चूक केली नव्हती," तो म्हणाला.

"नाही."

"कंपनीनेही नाही."

"नाही."

"बाबा, पण तुम्हाला तर हे माहीत होतं."

"मी हे मुलांना शिकवतो, यतीन."

यतीनने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाला की ठीक आहे, सुनावणी मागू, आता तरी कारण कळलं. तो काही टाकून बोलला नाही. बोलला असता तर उमाकांतरावांना सोपं गेलं असतं.

सुनावणीची तारीख मिळाली ती जानेवारीअखेरची. तेवढ्यात संक्रांत आली. संक्रांतीचं एक बरं असतं, ती सूर्याची. तिच्यावरून दोन पंचांगांत भांडण नाही. त्या दिवशी जयपूर घरात राहत नाही. सकाळपासून गच्च्या माणसांनी भरतात, आणि आभाळ पतंगांनी. वल्लरी न्याहारी करून जी वर गेली ती खाली यायला तयार नव्हती. सलोनीच्या मुलाने पतंग उडवायचा आणि हिने मांज्याची चरखी धरून मागे-पुढे पळायचं, असं चाललं होतं. खाली माधवी तिळगूळ वळत होती.

जेवायची वेळ उलटायला लागली तसे उमाकांतराव मशीनचा डबा घेऊन वर गेले. डब्यात चारच पट्ट्या उरल्या होत्या. त्यांनी वल्लरीला हाक मारली. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"कसं वाटतंय?"

"मस्त."

"मग सांग, किती?"

तिने डोळे मिटले, उघडले, आजोबांकडे बघितलं. "एकशे तीस."

ते खूश झाले. एवढं पळूनही एकशे तीस. पट्टी वाचली. आणखी थोडा वेळ खेळ, मग जेवायला ये, असं सांगून ते कठड्यापाशी उन्हात बसले आणि दोन गच्च्यांपलीकडच्या कुणाचा पतंग कुणी काटला ते बघू लागले.

आधी चरखी पडल्याचा आवाज आला. वल्लरी पाण्याच्या टाकीला टेकून बसली होती. घामाने निथळत होती आणि काहीतरी असंबद्ध बोलत होती. त्यांनी तिला हाक मारली तर तिने ओळख न पटल्यासारखं पाहिलं. मग तिचे डोळे फिरले आणि अंगाला झटके यायला लागले. शेजारच्या गच्चीवरून सलोनी ओरडली. माधवी जिना चढून आली ती हाताला गूळ लागलेलाच. तिने मुलीला कुशीवर वळवलं, डब्यातली ग्लुकोजची पावडर बोटावर ओली केली आणि तिच्या हिरड्यांना आतून चोळत राहिली. हे तिला डॉक्टरांनी शिकवलं होतं. उमाकांतराव हातात मशीन धरून उभे होते, आणि त्या क्षणी पट्टी कुठल्या बाजूने घालायची हेही त्यांना आठवेना.

मुलगी वाचली. हॉस्पिटलात दोन दिवस ठेवून घेतलं, मेंदूला काही इजा नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी माधवी औषधं आणायला खाली गेली तेव्हा उमाकांतराव नातीजवळ बसले होते. वल्लरी मोसंबीचा रस पीत होती. त्यांनी विचारलं नव्हतं, तीच बोलली.

"आजोबा, मला मतलब काहीच कळायचं नाही."

"कशातलं?"

"शुगरचं. मी असंच बोलायची. तुमच्याकडे बघायची. जास्त बोलले की तुमच्या भुवया अशा व्हायच्या. मग मी थोडं कमी करून बोलायची."

"आणि सकाळी, मशीनशी जुळायचं ते?"

"सकाळी तर रोज लगभग तेवढंच येतं ना." तिने पेला खाली ठेवला. "तुम्ही खूप खूश व्हायचे."

उमाकांतरावांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शाळेत नव्याने येणाऱ्या शिक्षकांना ते नेहमी एक गोष्ट सांगत: मूल उत्तर फळ्यावर शोधत नाही, आधी तुमच्या तोंडावर शोधतं, तेव्हा तोंड कोरं ठेवा. ती गोष्ट त्यांना आत्ता आठवली, पण ती सांगायला आता समोर कुणी नव्हतं.

माधवी त्यांना एका शब्दानेही बोलली नाही. जेवायला वाढताना पूर्वीसारखंच 'बाबा, आणखी थोडं' म्हणायची. मात्र मशीनचा डबा तिने आपल्या पर्समध्ये ठेवला. शाळेत सांगून तिने मधल्या सुट्टीत घरी यायची परवानगी घेतली, आणि रोज रिक्षाने येऊन, स्वतः मोजून, मुलीला जेवायला बसवून परत जायला लागली. पट्ट्यांसाठी तिने आपलं काय मोडलं ते तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

सुनावणीला उमाकांतराव आणि यतीन दोघं गेले. स्वयंपाकघरात नव्याच्या मागे राहिलेलं गेल्या वर्षीचं मराठी कॅलेंडर उमाकांतरावांनी भिंतीवरून काढून घेतलं होतं. त्यावर माधवीच्या दुधाच्या खुणा होत्या. सलोनीकडून तिच्या घरचं पंचांग मागून आणलं होतं. यतीनजवळ वल्लरीच्या शाळेचं पत्र होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेत मुलांची तपासणी झाली होती आणि वल्लरीचं वजन चांगलं भरलं होतं. हे पत्रही आधी मागायचं कुणाला सुचलं नव्हतं.

अधिकारी कौशिक नावाचे होते, निवृत्तीला आलेले, गळ्यात मफलर. त्यांनी फाइल उघडली आणि शांतपणे म्हणाले की तिथी तर आपणच दिली आहे, हॉस्पिटलातही आणि पत्रातही. आता ती बदलून कशी चालेल?

उमाकांतराव म्हणाले की तिथी बदलत नाही, फक्त एक प्रश्न विचारतो. "आपके यहाँ जन्माष्टमी कब होती है?"

"भादवा बदी आठम।"

उमाकांतरावांनी मराठी कॅलेंडर उलगडून ऑगस्टचं पान त्यांच्यापुढे केलं. तिथे जन्माष्टमीच्याच दिवसाखाली श्रावण वद्य अष्टमी छापलेली होती. कौशिकजींनी चष्मा वर केला, खाली केला. सलोनीचं पंचांग शेजारी ठेवून दोन्हीकडे बोट ठेवलं. कृष्ण एकच, दिवस एकच, महिने दोन. मग त्यांनी पंचमीवर बोट नेलं. मराठी कॅलेंडरात ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात होती. त्यांनी शाळेचं पत्र वाचलं, पुन्हा पंचमी बघितली, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून त्यालाही ते दाखवलं. चाळीस वर्षं जयपुरात काढली, म्हणाले, मराठी शेजारीही होते, पण हे कधी लक्षात आलं नाही.

फाइलवर त्यांनी तिथल्या तिथे काहीतरी लिहिलं. मंजूर होईल, म्हणाले. मशीन, पट्ट्या, हॉस्पिटल, सगळं. मग फाइल बांधता बांधता, अगदी आपुलकीने म्हणाले, "मास्टरजी, इतना अच्छा समझाते हैं आप। यही बात पहली चिट्ठी में लिख देते, तो दिवाली से पहले काम हो जाता।"

यतीनने वडिलांकडे बघितलं नाही. उमाकांतरावांनी हात जोडले, कॅलेंडरची गुंडाळी केली. बाहेर आल्यावर यतीन म्हणाला, चला, झालं एकदाचं. रिक्षात उमाकांतरावांनी कॅलेंडरची गुंडाळी मांडीवर धरून ठेवली होती. दिवाळीआधी म्हणजे संक्रांतीच्या कितीतरी आधी, एवढा हिशेब करायला पंचांग लागत नव्हतं.

फेब्रुवारीत औषधांच्या दुकानातून खोका आला. माधवीने तो जेवणाच्या टेबलावर फोडला. आत पट्ट्यांच्या डब्या एकीला एक लागून बसवल्या होत्या. तिने वल्लरीला सांगितलं की आता मनात येईल तेव्हा मोजायचं, दिवसातून कितीही वेळा, कुणाला विचारायचं नाही. बाहेर व्हरांड्यात मुलं जमायला लागली होती.

"मोजू? आत्ता?" वल्लरीने विचारलं.

"मोज की."

तिने बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीन आकडा दाखवायला काही सेकंद घेतं. तेवढ्या वेळात वल्लरीने मशीनकडे बघितलं नाही. टेबलाच्या पलीकडे आजोबा बसले होते, तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

उमाकांतराव उठले. चप्पल पायात सरकवून बाहेर व्हरांड्यात गेले आणि मुलांसमोर सतरंजीवर, घराकडे पाठ करून बसले. आतून वल्लरीची हाक आली, "आजोबा, विचारा ना, किती आहे ते."

"आईला सांग," ते वळून न बघता म्हणाले.

 मग वल्लरी आकडा सांगत होती आणि माधवी हळू आवाजात तिला काहीतरी समजावत होती. तो आकडा चांगला होता की वाईट, हे बाहेर ऐकू आलं नाही. समोरच्या मुलाने वही पुढे केली, आणि त्यांनी ती घेतली.